चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी

मेदेरला विचाराल, तर कॉम्प्युटरच्या सगळ्या दुखण्यांत अँटिव्हायरसचं दुखणं सर्वांत बावळट. घर राखायला माणूस ठेवावा आणि त्याने घरधन्यालाच उंबऱ्यावर अडवून धरावं, तसला प्रकार. त्या हिवाळ्यात राजधानी बिश्केकच्या मुख्य कचेरीने सगळ्या घाटचौक्यांच्या कॉम्प्युटरांवर नवा अँटिव्हायरस चढवला, तोही तिकडे बसल्या बसल्या, नेटवरून. बाकी सगळीकडे तो मुकाट नांदायला लागला. एकट्या तेर्स-बेल घाटाच्या कचेरीत त्याने उच्छाद मांडला. कॉम्प्युटर मध्येच थिजायचे, तास-दोन तास हलायचे नाहीत, आणि मग कोणी हात न लावता चालू व्हायचे. फोनवर समजावून समजावून मेदेरचं तोंड दुखलं. शेवटी साहेब म्हणाले, तूच जाऊन बघ बाबा एकदा.

वरवर त्याने कुरकुर केली, पण मनातून त्याला बरंच वाटलं. घाटापलीकडच्या अर्चाली गावात त्याची थोरली बहीण राहायची, सायकाल. आई गेली तेव्हा मेदेर शाळेतसुद्धा जात नव्हता. त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते सायकालने. त्याच्यापायी तिने लग्न उशिरा केलं, आणि लग्नानंतर वर्षांमागून वर्षं गेली तरी कूस उजवली नाही. आता चाळिशीला टेकल्यावर तिला दिवस राहिले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जपा, हे बाळंतपण साधं नाही. भरायला अजून दोन आठवडे होते. मेदेरने ठरवलं, सकाळी काम उरकायचं, दुपारी घाट चढायचा आणि संध्याकाळी बहिणीच्या हातचा चहा प्यायचा.

कचेरी म्हणजे रस्त्याच्या कडेची बैठी इमारत. मागे बर्फ ढकलायचं यंत्र उभं, पुढे लाल-पांढरा आडवा दांडा. आत पाऊल टाकलं आणि तापल्या तेलाचा वास नाकात भरला. कढईत बोरसोक, मैद्याचे फुगीर तुकडे, तळून निघत होते. बाहेर सगळं गोठलेलं आणि आत ताज्या तळणीचा वास, कोणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. मेदेर मात्र दारातच थबकला. आज गुरुवार, आणि गुरुवारी असा वास आला की तो जिवंतांसाठी नसतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. गेलेल्या माणसाला जेवता येत नाही. त्याला वास पोचवतात.

कढईपाशी बुरुलचा उभी होती. कचेरीतली सगळ्यांत जुनी माणूस. घाटावरचे ड्रायव्हर, यंत्रवाले, वरच्या फाटकावरचे पहारेकरी, सगळे तिला एजे, म्हणजे थोरली ताई, म्हणत. अंगाने थोराड, बोलायला फटकळ. मेदेरला बघून तिने आधी त्याला बसवलं, बशीभर बोरसोक पुढे सरकवले, आणि मग म्हणाली, राजधानीत पगार बरा देतात म्हणे, मग पोरांना खायला का देत नाहीत? मेदेर हसला. कोणासाठी तळलेत, हे त्याने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

आतल्या खोलीत चार कॉम्प्युटर. घाटातल्या उतारांवर यंत्रं पुरलेली आहेत. बर्फ किती साचला, थर कुठे सरकतोय, ते आकडे इथे पडद्यावर दिसतात. आकडे हिरवे असले की फाटक उघडायचं, लाल झाले की बंद ठेवायचं. वरच्या फाटकावरचा पहारेकरी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, तो इथल्या आकड्यांवर ठेवतो. आणि बरोबरच आहे. बर्फाचा कडा कोसळायच्या आधी डोंगर अगदी शहाण्यासारखा दिसतो.

मेदेरने एकेक कॉम्प्युटर तपासला. पहिले तीन ठणठणीत. मग तो खिडकीशेजारच्या चौथ्याकडे वळला, आणि पायांत एकदम गारवा जाणवला. खिडकीच्या फटीतून येत असेल, असं त्याने मनाशी म्हटलं. टेबल लखलखीत पुसलेलं होतं. पुढ्यात चहाची वाटी, भरलेली, निवलेली. खुर्ची टेबलाखाली सारलेली नव्हती. कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी जरा तिरकी होती. वाटी बाजूला करावी म्हणून मेदेरने हात पुढे केला, तर दारातून बुरुलचा म्हणाली, "राहू दे ती. लवंडली तर तूच पुसशील."

उभ्या उभ्याच त्याने बघायला सुरुवात केली, आणि सगळं कोडं तिथेच सुटलं. उतारांवरचे आकडे सगळे ह्याच यंत्रात येत होते आणि इथून बाकीच्या तिघांना वाटले जात होते. महिन्याभरापूर्वी जुना अँटिव्हायरस काढून टाकायचा हुकूम आला होता. तो काढलाही होता. पण काढल्यावर कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करावा लागतो, त्याशिवाय तो जात नाही. बाकीचे तीन बंद करून चालू केलेले होते. हा केलेलाच नव्हता. जुना जाता जाता दारातच उभा राहिलेला, त्याच्या डोक्यावर नवा येऊन बसलेला, आणि दोघांनी एकमेकांची गचांडी धरलेली. जुन्याला वाटे नवा चोर, नव्याला वाटे जुना चोर. ह्या झोंबाझोंबीत आकडे कुठल्या कुठे अडकायचे.

पडद्याच्या कोपऱ्यात जुन्याची चौकट उघडी होती. रशियनमध्ये प्रश्न होता: अनोळखी कोणीतरी आत येऊ बघतंय, येऊ द्यायचं? खाली दोन बटणं. मेदेर वाचतोय तोवर 'नाही'चं बटण दाबलं गेलं आणि चौकट मिटली. थोड्या वेळाने पुन्हा उघडली. पुन्हा 'नाही'.

त्याने माऊस काढला. कीबोर्डची वायर उपटली. चौकट उघडली. ह्या वेळी तो नीट बघत राहिला. यंत्र उत्तर देतं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत देतं. इथे तसं होत नव्हतं. प्रश्न यायचा, मग एखादं माणूस चष्मा सावरून, ओळ वाचून, जरा विचार करून बटण दाबेल, तेवढा वेळ जायचा. मग 'नाही'. दोन अँटिव्हायरस एकमेकांना उत्तरं देताहेत, दुसरं काय, असं तो मोठ्याने म्हणाला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरी म्हणाला.

बाहेर येऊन त्याने बुरुलचाला सांगितलं की एकदा रीस्टार्ट केला की दुखणं संपलं, दहा मिनिटांचं काम. बुरुलचाने कढईखालची आच बंद केली आणि हात पुसत सगळं सांगितलं. ते टेबल शेरगाझी बायकेंचं, सगळ्यांच्या थोरल्या दादांचं. घाटावर त्यांचा जन्म गेला. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही, खालच्या वस्तीत एक खोली आणि तिला कुलूप. गेल्या महिन्यात मोठं वादळ होतं, वीज गेली होती, आणि शेरगाझी बायके आकडे बघता बघता खुर्चीतच गेले. सकाळी बुरुलचा आली तेव्हा सगळी इमारत काळीठिक्कर होती. बॅटरीवर त्यांचा पडदा तेवढा उजळलेला होता.

मेल्या माणसाच्या घरात चाळीस दिवस दिवा मालवत नाहीत. तोवर तो जातयेत असतो, त्याला वाट दिसायला लागते. पण शेरगाझींच्या घरी दिवा ठेवणार कोण? कचेरीतल्या माणसांनी ठरवलं, त्यांच्याजवळ शेवटी जो उजेड होता, तोच त्यांचा दिवा. तेव्हापासून तो कॉम्प्युटर कोणी बंद केला नव्हता. बिश्केकहून कितीदा सूचना आली, पडद्यावर किती वेळा अक्षरं झळकली की बंद करा आणि चालू करा, प्रत्येकाने मान फिरवली.

"उद्या चाळिसावा आहे," बुरुलचा म्हणाली. "मेंढी आणली आहे, दुआ म्हणायला मोल्दो, आपले मुल्ला, येणार आहेत. मग तू त्याला बंद कर, चालू कर, पाण्यात बुडव. आज नको."

आता मेदेर काही परका नव्हता. त्याच्या आईच्या वेळी असाच दिवा होता, आणि सायकाल रात्री उठून उठून त्याची वात बघायची. तो म्हणाला, बरं एजे, उद्या तर उद्या. साहेबांना काहीतरी थाप मारू. बुरुलचाचा चेहरा सैलावला. तिने त्याच्या बशीत आणखी चार बोरसोक टाकले.

दुपार झाली आणि आभाळ खाली आलं. ह्या बाजूला वादळ येतं तेव्हा आधी आवाज जातात. कुत्री गप्प होतात, रस्त्यावरच्या गाड्या गप्प होतात. मग खिडकीपुढचा डोंगर जातो. दिवसाढवळ्या खोलीत असा काळोख झाला की बुरुलचाने दिवे लावले, आणि ते लावताच वीज गेली. कॉम्प्युटरांची बॅटरी बीप करत जागी झाली. चार पडद्यांच्या उजेडात दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

तेवढ्यात मेदेरचा मोबाइल वाजला. अर्चालीहून मेहुणा होता. सायकालला सकाळपासून कळा येत होत्या, आता अंगावरून लाल जायला लागलं होतं. गावातल्या दवाखान्यात शस्त्रक्रियेची सोय नाही; अ‍ॅम्ब्युलन्स तिला घेऊन घाटाकडे निघाली आहे, बरोबर नर्स आहे, मला जागा नव्हती, मी मागून येतो. मग मेहुण्याचा आवाज फुटला. मेदेर काहीतरी बोलला, काय ते त्यालाही नंतर आठवेना.

लगोलग वायरलेस खरखरला. वरचं फाटक. अ‍ॅम्ब्युलन्स समोर उभी आहे, बाईची अवस्था वाईट आहे, सोडू का नको? आकडे काय म्हणतात?

बुरुलचाने पडद्याकडे पाहिलं. सगळे हिरवे. ती बटण दाबून बोलणार, तोच मेदेरने तिचा हात धरला. वादळ सुरू होऊन किती वेळ झाला होता, वर बर्फ ओतत होता, आणि एकही आकडा हलला नव्हता. ते आत्ताचे आकडे नव्हतेच. सकाळचे होते, थिजलेले.

"थांबायला सांगा," तो म्हणाला. "पाच मिनिटं. मी हा बंद करून चालू करतो."

बुरुलचाने टेबलावरच्या निवलेल्या वाटीकडे पाहिलं.

"एजे... मला आईसुद्धा तीच आणि बहीणसुद्धा तीच. बंद ठेवलं तर ती तिथे फाटकावर संपेल. उघडलं आणि कडा आला तर गाडीतले सगळेच जातील. मला काय करायचं ते कळायला तरी हवं ना..."

बुरुलचाने वायरलेसवर सांगितलं, थांबा. मग तिने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला, तळवे उघडून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "मी बघणार नाही," ती म्हणाली. "बायके, पोराला माफ करा. नाइलाज आहे त्याचा."

मेदेरने माऊस परत जोडला आणि रीस्टार्ट केलं. पडद्यावर जुनीच चौकट आली: हे बंद करू बघतंय कोण, करू द्यायचं? तो बघत राहिला. नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला. मग 'नाही'.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने विचार केला नाही, यंत्राचं मोठं बटण अंगठ्याने दाबलं आणि दाबूनच धरलं. बटणाखाली काहीतरी उलट रेटा देतंय असं त्याला वाटलं. त्याने सगळं वजन टाकलं. पंखा घरघरत थांबला आणि पडदा काळा झाला. त्याच्याकडून आकडे मिळेनासे झाले म्हणून असेल, पण बाकीचे तीनही पडदे एकापाठोपाठ एक काळे झाले.

खोलीत मिट्ट अंधार. वादळाचाही आवाज येईना. तेलाचा वास गेला होता. त्याच्या जागी ओल्या नमद्याचा वास होता, बर्फातून आलेला कोट चुलीशेजारी टांगला की येतो तसा.

मेदेरने मोबाइल काढायला खिशात हात घातला आणि हात तिथेच राहिला. त्याच्या शेजारची, ती तिरकी खुर्ची, मागे सरकली. जमिनीवर पाय घासल्याचा आवाज आला. म्हातारं माणूस गुडघ्यांवर हात ठेवून उठतं, तसा एक नि:श्वास. मग पावलं. खोलीतून बाहेर, कढईपाशी जराशी थांबून, बाहेरच्या दाराकडे. दार उघडलं. बर्फाचा झोत मेदेरच्या पायांपर्यंत आला. दार लागलं. आपटलं नाही, बाहेर जाणाऱ्याने सवयीने हळू ओढून घेतलं.

"गेले..." बुरुलचा अंधारात म्हणाली.

"कुठे?"

"उजेड दिसेल तिकडे. त्यांना दुसरं काय कळतं आता..." मग ती चाचपडत खिडकीशी गेली. "मेदेर, वीज तर सगळीकडे गेली आहे. वस्ती अंधारात, आपण अंधारात. ह्या सगळ्या डोंगरावर आत्ता उजेड कोणाचा आहे?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. फाटकाशी उभ्या असलेल्या अ‍ॅम्ब्युलन्सचा.

त्याने कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर ओळ आली, जुने भाग काढले जात आहेत, यंत्र बंद करू नका. टक्के मुंगीच्या पावलाने चढत होते. मेदेरला आयुष्यात कोणत्याही यंत्राला हात जोडावेसे वाटले नव्हते, तेव्हा वाटले. शेवटी पडदा उजळला. जुना अँटिव्हायरस नव्हता. चौकट नव्हती. नवा एका कोपऱ्यात गुमान बसला होता. कोणी काही विचारत नव्हतं. आकडे भराभरा वाहायला लागले, आणि तिसऱ्या वळणावरच्या उताराची सगळी रांग लाल होती.

मेदेर वायरलेसवर ओरडला, सोडू नका. वरून पहारेकऱ्याचा रडवेला आवाज आला. गाडी गेली. मी थांब म्हणत होतो, पण आतून बाई विव्हळत होती, ड्रायव्हर म्हणाला इथे मरण्यापेक्षा जातो, आणि दांडा वर करून गेला. केव्हाच गेला.

अ‍ॅम्ब्युलन्सच्या वायरलेसवर नुसती खरखर होती. मेदेर हाका मारत राहिला. पडद्यावर तिसऱ्या वळणाचे आकडे वरून खाली एकेक करून विझत गेले, कोणीतरी ओळीने पुसत यावं तसे. मग पायाखालची जमीन जराशी हादरली, आणि खिडकीची काच बारीक थरथरत राहिली. कडा कोसळला होता. मेदेर खाली बसला. सायकाल, सायकाल, एवढंच त्याच्या तोंडून निघत होतं. बुरुलचाने त्याचं डोकं पोटाशी धरलं.

किती वेळ गेला कोण जाणे. वायरलेस खरखरला आणि ड्रायव्हरचा आवाज आला, तुटक तुटक. जिवंत आहोत. वळणाच्या अलीकडे थांबलो म्हणून वाचलो, पुढचा रस्ता सगळा गाडला गेलाय. मुलगा झाला. बाईचं रक्त थांबलंय. बर्फाचं यंत्र पाठवा.

बुरुलचा रडायला लागली. मेदेरला हसावं की रडावं कळेना. त्याने विचारलं, थांबलात कसे? वळणावर थांबायला तर जागाही नाही.

"तुमच्या माणसाने थांबवलं ना," ड्रायव्हर म्हणाला. "रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभे होते म्हातारबुवा. ह्या वादळात त्यांना वर पाठवलं, कमाल आहे तुमची."

बुरुलचाने मेदेरच्या हातातून वायरलेस काढून घेतला आणि खाली ठेवला. वरचं फाटक सोडलं तर घाटात त्या दिवशी कोणाचीही पाळी नव्हती.

यंत्राने रस्ता मोकळा करायला संध्याकाळ झाली. अ‍ॅम्ब्युलन्स कचेरीपुढे क्षणभरच थांबली, मेदेर मागचं दार उघडून आत चढला, आणि ती जिल्ह्याच्या इस्पितळाकडे निघाली. आतला दिवा गेलेला होता. मेदेरने मोबाइलचा दिवा लावला. नर्स दमून बाकावर बसल्या बसल्या पेंगत होती. सायकाल पांढरीफटक पडली होती, पण हसत होती. तिच्या कुशीत ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं बाळ, डोळे मिटलेलं.

"बघ रे," ती म्हणाली. "मामा झालास."

मेदेरने तिचे हात हातात घेतले आणि लहान मुलासारखा रडला. तिने त्याला रडू दिलं. मग आपणहून बोलायला लागली. गाडी थांबल्याबरोबर आतला दिवा गेला, सगळं अंधारातच झालं. नर्सलाही काही दिसत नव्हतं. ते आजोबा आत आले नसते तर काही खरं नव्हतं. बाळ निघालं तेव्हा निपचित होतं, रडेना. नर्सने हात टेकले. त्या आजोबांनी त्याला घेतलं, कानाशी तोंड नेलं, अजान दिली आणि नाव ठेवलं. आपल्याकडे घरातला वडीलधारा ठेवतो ना, तसं. आणि बाळाने श्वास घेतला.

"काय नाव ठेवलं?" मेदेरने विचारलं.

"ते मला ऐकूच आलं नाही. कानात म्हणाले ना. मी विचारलं तर म्हणाले, चाळीस दिवस होऊ देत, मग कळेलच." सायकालने बाळाच्या कपाळावरून बोट फिरवलं. "फार मायेने बोलत होते. जाताना एवढंच म्हणाले, बाळाजवळचा दिवा चाळीस दिवस मालवू नका. ते तर आपण पाळतोच. पण म्हणाले, 'ह्या वेळी तरी मालवू नका.' ह्या वेळी म्हणजे काय रे, मेदेर? माझं तर पहिलंच आहे."

मेदेरने मोबाइल घट्ट धरला. सकाळपासून फोनवर फोन झाले होते, त्याची बॅटरी संपत आली होती. तो दोनदा थरथरला आणि बंद पडला.

गाडीत अंधार झाला. बाहेर रस्ता, वस्ती, सगळं काळं. सायकालचा श्वास संथ झाला होता, तिला झोप लागत होती. मेदेरने डोळे मिटले, म्हटलं, आता उघडायचेच नाहीत, इस्पितळ येईपर्यंत. पण गाडीला हिसका बसला आणि ते उघडले.

बाळाचं तोंड दिसत होतं. निळसर, कॉम्प्युटरच्या पडद्यासारख्या उजेडात, स्वच्छ. ते जागं होतं. त्याचे डोळे डावीकडून उजवीकडे जात होते, परत डावीकडे येत होते, सावकाश, ओळीमागून ओळ.

उजेड कुठून येतोय ते बघायला मेदेरने मान इकडेतिकडे वळवली. कुठूनच येत नव्हता. त्याने आपला हात बाळाच्या तोंडापुढे आडवा धरला. हात अंधारातच राहिला; त्याच्यावर काहीच पडलं नाही. बाळाची नजर ओळीच्या मधे अडली. मग ते हाताच्या मालकाकडे वळून बघायला लागलं.